सुरतेला उतरलेला प्रवासी

25 मार्च 1916. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला एक वीस वर्षांचा तरुण मध्येच सुरतेला उतरला आणि भुसावळच्या गाडीने काशीच्या वाटेला लागला. हेच पुढचे विनोबा. आपल्यापैकी कितीजण त्याच फलाटावर खानदेशची गाडी पकडतात. पण ही आठवण कुणाला असते?

पुढची गोष्ट 1982 ची, पवनारची. हृदयविकाराचा झटका आल्यावर सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी, औषध सारेच नाकारले. पंतप्रधान इंदिराजींपासून सारे काळजीत होते. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम 309 तेव्हा लागू होते, तरी बळजबरीने नळी घालण्यास कुणी धजले नाही. ऐन दिवाळीत, 15 नोव्हेंबरला सकाळी, ते गेले. त्यांना कागदाची गरज पडली नाही, कारण शुद्ध होती आणि शब्दाला वजन होते.

अरुणा शानबाग यांच्यापाशी यांतले काहीच उरले नव्हते. केईएम रुग्णालयातील ही परिचारिका 1973 च्या नोव्हेंबरातील पाशवी हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, बेचाळीस वर्षे, खाटेवर होती. पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. तिची मायेने शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने परिचारिकांचे ऐकले, पण कृत्रिम उपचार थांबवण्याची वाटही काही अटींवर मोकळी केली. दोन्ही बाजू तिच्याच वतीने बोलत होत्या, आणि तिने स्वतः लिहून ठेवलेली एक ओळही नव्हती.

9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. म्हातारी माणसे कोर्टाच्या पायऱ्या चढणार कशी? जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पुढे उपचार थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांची दोन मंडळे पाहतात. गोव्यात 2024 मध्ये न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून आरंभ केला. हे मृत्युपत्र नव्हे बरे! ते घरदाराचे, मेल्यानंतरचे, हे मरणाआधीचे.

आपल्या दुभाषी घरांत एक निराळीच अडचण असते. उधन्याची, लिंबायतीची आजी म्हणते, "माले नळ्या लावू नका." मुलगा ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो. रात्रपाळीच्या डॉक्टरला गुजराती कळते, इंग्रजी कळते. आजीची बोली कळेलच असे नाही. तेव्हा कागद डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत करावा, व्हेंटिलेटर, नळीने अन्न वगैरे नावे घेऊन हवे-नको स्पष्ट लिहावे आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे त्याचे नाव घालावे. आजीला मात्र सही करण्याआधी तो सगळा तिच्याच बोलीत वाचून दाखवावा, आणि त्या वेळी मुलाला समोर बसवावे.