सोनाराची तार आणि कानाची पाळी

कान टोचण्याच्या प्रथेने कानाचा नेमका तो भाग निवडला, ज्याच्यावाचून ऐकण्याचे काही अडत नाही. आणि त्या निवडीतूनच आपल्याकडे नाककान सांधण्याची शस्त्रक्रिया वाढली, असे मला वाटते. ऐकण्याचे खरे काम आत चालते. आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर तीन इवल्या हाडांतून शंखासारख्या वळणदार पोकळीत पोचते आणि तिथून मज्जातंतू ती मेंदूकडे नेतात. हे सारे कवटीच्या हाडात दडलेले. पाळी मात्र निव्वळ त्वचा आणि चरबी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय वाचावा. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला मांडीवर घ्यावे, खेळण्यात रमवावे, उन्हाचा उजेड आरपार दिसेल तिथेच टोचावे, हे त्यात सांगितले आहे. चुकीची शीर टोचली तर ताप येतो, मान आखडते, आचके येतात, हेही. अशी नोंद पुष्कळ कान पाहिल्याशिवाय होत नाही. पुढे फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार येतात आणि शेवटी गालाच्या कातड्याने नाक घडवण्याची कृती. टोचण्यापासून नाकापर्यंतचा हा क्रमच माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे.

यावर कोणी म्हणेल, 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडच्या ज्या नाकाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले, तीत कातडे कपाळाचे होते, गालाचे नव्हे. खरे आहे, म्हणून थेट वारसा मी सांगत नाही. पण कातड्याचा एक देठ जोडलेला ठेवून त्याचा रक्तपुरवठा जपायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. दुसरा आक्षेप भिकबाळीचा: ती पाळीत नसते, वर कूर्चेत असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथली जखम चिघळली तर कानाचा आकारच बिघडू शकतो. पाळीची निवड किती शहाणी होती, हे या अपवादाने उलट ठसते. टोचल्याने ऐकू जास्त येते किंवा बुद्धी वाढते, या समजुतीला मात्र आधार नाही. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत, ही म्हण त्याच्या हातोटीची. तार निर्जंतुक असल्याची हमी तिच्यात नाही. आपल्याकडे अनेक घरांत बाराव्या दिवशीच कान टोचतात. धनुर्वाताची लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. टोचायचेच असेल तर हे तिन्ही डोस होऊ द्या; सुश्रुताचा सहावा महिना त्यानंतरच येतो.