बीदर-कलबुर्गी : शहरांचे पाणी आणि शासनाचे स्तर

बीदर-कलबुर्गी, नागरी जलसुरक्षा : कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेली ही दोन शहरे दुष्काळ आणि पूर अशा दोन्ही संकटांत तगून राहावीत म्हणून नगरसंस्था, जिल्हा प्रशासन, राज्य, केंद्र आणि शेजारची राज्ये यांच्यात घडणारे सहकार्य, आणि जिथे ते घडत नाही तिथली अडचण, हा या नोंदीचा विषय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कलबुर्गी शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ३३ हजार आणि बीदरची दोन लाखांच्या थोडी वर होती. दोन्ही शहरे बहमनी सुलतानांच्या राजधान्या होत्या. कोणत्याही शहरातून मोठी नदी वाहत नाही. बीदर पठाराच्या कडेवर आहे आणि कलबुर्गीपासून भीमा वीस-पंचवीस किलोमीटरवर. त्यामुळे नळाचे बरेचसे पाणी शहराच्या हद्दीबाहेरून, दुसऱ्या कुठल्यातरी खात्याच्या ताब्यातून येते.

या गुंत्याचे मूळ नकाशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे गेले आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. माणसांचे सोयरसंबंध त्याने तुटले नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत आजही बऱ्याच घरांत मराठी बोलली जाते. मांजरा नदीचे मात्र तुकडे झाले. वर महाराष्ट्रात धनेगावचे धरण लातूरला पाणी देते, मध्ये बीदर, आणि खाली तेलंगणात सिंगूर जलाशय व त्याच्याही खाली निजामसागर. भीमेची कथा वेगळी नाही. वर सोलापूर जिल्ह्यात ११७ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) उजनी धरण, खाली अफजलपूर, गाणगापूर आणि कलबुर्गीचे नळ.

धरणे नव्हती तेव्हाही बीदरला पाणी होते, आणि ते कसे होते हे पाहण्यासारखे आहे. शहर जांभ्याच्या जाड थरावर बसले आहे आणि त्याखाली काळा बेसाल्ट आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपते, बेसाल्टपाशी अडते आणि जिथे उतार संपतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पापनाश, गुरुनानक झिरा, नरसिंह झरणी ही बीदरची तीर्थे या भूगर्भाचीच देणगी आहेत. नरसिंह झरणीला जाणारा भाविक सुमारे तीनशे मीटर लांबीच्या बोगद्यातून कंबरभर, कधी छातीभर पाण्यातून चालत देवापर्यंत पोचतो. जलशास्त्राचा इतका थेट धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

पंधराव्या शतकात अहमदशहा वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) इथे हलवल्यानंतर इराणी कारागिरीचे कारेझ इथल्या जांभ्यात उतरले. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. वरच्या अंगाला एक मूळ विहीर, तिथून अगदी हलक्या उताराने खोदत नेलेला बोगदा, आणि त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी. माती वर काढायला, हवा खेळायला आणि पुढे पाणी शेंदायलाही याच विहिरी उपयोगी पडल्या. पंप लागत नाही आणि पाणी झाकलेले असल्याने उन्हाने फारसे आटत नाही. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशी तीन कारेझ बीदरमध्ये ओळखली जातात. त्यांतले नौबादचे सुमारे दोन किलोमीटर लांबीचे आहे.

गेल्या शतकात धरणाचे पाणी आले, मग बोअर आले, आणि उभ्या विहिरींत कचरा पडू लागला. काहींवर बांधकामे झाली. केरळमधले भूगोलाचे प्राध्यापक वलियिल गोविंदनकुट्टी यांनी या बोगद्यांची आखणी मांडली. त्यानंतर २०१४-१५ च्या सुमारास जिल्हा प्रशासन आणि इंडियन हेरिटेज सिटीज नेटवर्क यांच्या पुढाकाराने नौबादचा गाळ निघायला लागला. या एका बोगद्याशी किती जणांचा संबंध येतो ते पाहिले म्हणजे ‘स्तरांमधील सहकार्य’ या सरकारी शब्दप्रयोगाचा अर्थ कळतो. वारसा म्हणून पुरातत्त्व खाते, वरच्या जमिनीसाठी महसूल खाते, वस्ती आणि कचऱ्यासाठी नगरसंस्था, बांधकाम परवान्यासाठी नगरविकास प्राधिकरण, आणि किल्ल्यापाशी आले की केंद्राचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. पाणी मात्र एकच. २०२० च्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’ यादीत दख्खन पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांचा समावेश झाला, त्यामुळेही हे काम बाहेरच्या जगाला कळले. इराणच्या कनातींना (कारेझचेच तिथले नाव) युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान २०१६ मध्ये मिळाला होता.

तेच २०१६ साल मांजरा खोऱ्यासाठी परीक्षेचे होते. वरच्या बाजूला लातूर कोरडे पडले. राज्य सरकार, रेल्वे, जिल्हाधिकारी आणि महापालिका यांनी मिळून मिरजेहून पाण्याची रेल्वे धाडली. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात धुऊन आणलेल्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला पहाटे लातुरात पोचले. पुढे वाघिणी पन्नास झाल्या आणि पावसाळ्यापर्यंत फेऱ्या चालू राहिल्या. सहकार्याचे हे उदाहरण अस्सल आहे, पण ते सगळे तहान लागल्यानंतरचे आहे. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचे रकानेच्या रकाने भरले, ते योग्यच होते. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या बीदरमध्ये त्याच उन्हाळ्यात जे चालले होते त्याची मराठीत फारशी दखल घेतली गेली नाही. तिथे तेव्हाचे जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी जुन्या विहिरी आणि तळ्यांतला गाळ काढण्याची मोहीम लावून धरली. ‘टीम युवा’सारख्या स्थानिक तरुणांच्या गटाने विहिरीत उतरून कचरा उपसला, शेतकऱ्यांनी गाळ शेतात नेला. सरकारी पैसा, लोकांचे श्रम आणि फावल्या वेळातली माणसे असा तो मेळ होता. पहिल्या चांगल्या पावसात तळी भरली. तिवारींना ‘टँक मॅन’ म्हटले जाऊ लागले. २०१७ मध्ये लखनौत त्यांचे अकाली निधन झाले.

इथेच जिल्हाधिकाऱ्याभोवती फिरणाऱ्या या पद्धतीचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. सीमाभागात ‘डीसी ऑफिस’ म्हणतात त्या कार्यालयात सगळ्या खात्यांची टेबले एकत्र येतात, आणि डीसी मनावर घेईल तर महिन्याचे काम आठवड्यात होते. त्याची बदली झाली की फाइल पुन्हा आपापल्या खात्यात परतते.

कलबुर्गीत प्रश्नाचे रूप वेगळे आहे. शहराचे पाणी भीमेवरच्या सरडगीच्या बंधाऱ्यातून आणि बेण्णेतोरा जलाशयातून येते. ते आणण्यात १९७५ पासून काम करणाऱ्या कर्नाटक नागरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाचा मोठा वाटा आहे. घरोघरी वाटपात महापालिका येते. जागतिक बँकेने २००४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत हुबळी-धारवाड आणि बेळगावबरोबर गुलबर्ग्याच्या काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. मीटर बसले, गळती थांबवली गेली, आणि पाणी साठवून ठेवायची गरजच न उरल्याने त्या भागात हंडे-पिंपे रिकामी झाली. प्रयोग यशस्वी ठरला. उरलेल्या शहराला मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

आणि भीमाच कोरडी असेल तर मीटर काय करणार? मार्च २०२५ अखेर कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून उजनीतून भीमेत एक टीएमसी आणि वारणा-कोयनेतून कृष्णेत दोन टीएमसी पाणी सोडण्याची विनंती केली. पावसाळ्यात चित्र नेमके उलटे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये उजनी आणि वीर धरणांतून मोठे विसर्ग झाले, भीमा फुगली आणि अफजलपूरकडची गावे पाण्याखाली गेली. बचावासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि लष्कर आले. वर किती पाणी सोडले याची खबर खाली वेळेवर पोचणे, एवढी एक गोष्ट शेकडो होड्यांहून मोलाची. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूत कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले आणि कृष्णा-भीमा खोऱ्यांतली माहिती तत्काळ एकमेकांना देण्यावर सहमती झाली. अशी समजूत एका मंत्र्याच्या कारकिर्दीपुरती राहू नये, तिला कायमचे कार्यालय आणि कर्मचारी हवेत.

वेगवेगळ्या स्तरांना असे एकत्र बसवता येते याचे एक उदाहरण बाहेर आहे. नेदरलँड्समध्ये पुराच्या पाण्याला पसरू देणारा ‘नदीला जागा’ हा कार्यक्रम २००६ ते २०१५ या काळात तीसहून अधिक ठिकाणी राबवला गेला. उद्दिष्ट आणि पैसा तिथल्या केंद्र सरकारचा होता, पण बांध कुठे मागे सरकवायचा हे ठरवताना प्रांत, जलमंडळे आणि नगरपालिका टेबलावर होत्या.

भीमेच्या काठी उणीव आहे ती अशा टेबलाची; पैशाची अगदीच चणचण आहे असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१-जे मुळे या विभागाला खास दर्जा मिळाला, त्यातून स्थापन झालेल्या विकास मंडळासाठी राज्याने २०२३-२४ मध्ये पाच हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत दोन्ही शहरे आहेत. रिकामी राहते ती सर्वांत खालची खुर्ची. ७४ व्या घटनादुरुस्तीने अठरा विषय नगरसंस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली, पाणीपुरवठा त्यांतलाच एक. कलबुर्गी महापालिकेची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडला गेला मार्च २०२३ मध्ये. जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्येच संपली आणि त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या, म्हणजे जिल्हा आपत्ती प्राधिकरणात जिल्हा पंचायत अध्यक्षाकडे असणारी लोकनियुक्त सहअध्यक्षाची जागाही रिकामीच राहिली.