ह्यूमाच्या छातीवरच्या स्प्रिंगा : ‘क्योजिन नो होशी’ कोणत्या क्रमाने पाहावी?

१. २३ डिसेंबर २०१२, रविवार. मुंबईपासून नांदेड-लातूरपर्यंत केबलवर दिसणाऱ्या कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही हिंदी ॲनिमेशन मालिका सुरू झाली. मुंबईच्या गरीब वस्तीतला मुलगा, क्रिकेटने झपाटलेला बाप आणि श्रीमंत घरातला प्रतिस्पर्धी अशी ती २६ भागांची कथा होती. मात्र तिचा मूळ सांगाडा जपानी होता, तब्बल ४४ वर्षे जुना होता आणि त्यातला खेळ बेसबॉल होता.

२. त्या मूळ मालिकेचे नाव ‘क्योजिन नो होशी’, म्हणजे ‘जायंट्सचा तारा’. काजिवारा इक्की यांचे लेखन आणि कावासाकी नोबोरू यांची चित्रे असलेली ही चित्रकथा १९६६ पासून कोदान्शा प्रकाशनाच्या ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात येऊ लागली. ३० मार्च १९६८ रोजी ती दूरचित्रवाणीवर आली आणि १८ सप्टेंबर १९७१ पर्यंत चालली. भाग १८२. या दोन तारखांमधले शनिवार मोजले तर तेही १८२ च भरतात. एका पिढीची साडेतीन वर्षे या मालिकेने अशी सलग व्यापली होती.

३. मालिका पाहण्याआधी १९६४ चे तोक्यो ऑलिंपिक ध्यानात घ्यावे. दाइमात्सु हिरोबुमी या कठोर प्रशिक्षकाच्या हाताखाली जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर ‘कोन्जो’ हा शब्द जपानभर घुमू लागला. कोन्जो म्हणजे हाडे मोडली तरी न मोडणारी जिद्द. युद्धात बेचिराख झालेला देश कष्टाच्या बळावर उभा राहत होता आणि त्याला आपल्या श्रमांची गाथा हवी होती. ‘क्योजिन नो होशी’ ही ती गाथा ठरली.

४. कथेतला बाप होशी इत्तेत्सु हा एकेकाळचा जायंट्सचा खेळाडू. युद्धात त्याचा खांदा निकामी झाला. आता तो मोलमजुरी करतो आणि चाळवजा घरात मुलगी अकिको व मुलगा ह्यूमा यांच्यासह राहतो. आपले अपुरे स्वप्न ह्यूमाने पुरे करावे म्हणून तो कोवळ्या मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचा एक साज चढवतो. हात हलवायचा तर प्रत्येक वेळी त्या स्प्रिंगा ताणाव्या लागतात. जपानी लोकस्मृतीत या मालिकेचे हेच चित्र सर्वांत खोल रुतून बसले आहे.

५. पहिली मालिका सावकाश पाहावी. एकेक चेंडू पडायला इथे बराच वेळ लागतो, कारण चेंडू हवेत असताना खेळाडूंची सारी मने बोलत असतात. क्रिकेट जाणणाऱ्याला ह्यूमाच्या फेकींतली कल्पकताही आवडेल. त्याचा ‘क्रमांक १’चा चेंडू फलंदाजाला चुकवत नाही. तो मुद्दाम बॅटवर जाऊन आदळतो आणि अलगद क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो. या सामर्थ्याची किंमत शेवटी चुकवावी लागते. मालिकेच्या अखेरीस ह्यूमाचा डावा हात कायमचा निकामी होतो.

६. त्यानंतर ‘शिन क्योजिन नो होशी’ (१९७७-७८, ५२ भाग) आणि तिचाच दुसरा टप्पा (१९७९, २३ भाग). मधल्या काळात जग बदलले होते. १९७३ च्या तेलसंकटाने जपानच्या भरधाव वाढीला खीळ बसली होती. १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे अजिंक्य राहिलेला जायंट्स संघ १९७५ मध्ये तळाला गेला होता. या पडत्या काळात ह्यूमा परततो, आधी फलंदाज म्हणून आणि मग उजव्या हाताने चेंडू फेकणारा म्हणून. इथे उलगडते की तो जन्मतः उजखुराच होता. डावखुरा त्याला बापाने केले होते. बापाने घडवलेला हात संपल्यावर मुलाला स्वतःचा हात सापडतो.

७. ‘सूरज’ सर्वांत शेवटी पाहावी. कोदान्शाचे कोगा योशिआकी यांच्या कल्पनेतून ती साकारली. जपानच्या टीएमएससोबत हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने ती घडवली. सुझुकीसारख्या जपानी कंपन्यांनी पाठबळ दिले, कारण त्यांना भारतात साठच्या दशकातल्या जपानसारखा चढता बाजार दिसत होता. बेसबॉलचे क्रिकेट झाले. स्प्रिंगांचा साज मुलाच्या छळासारखा दिसेल म्हणून त्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. बापाचे स्वप्न मात्र मुलाच्या खांद्यावर जसेच्या तसे राहिले.

८. मराठवाड्याच्या प्रेक्षकाने इथे क्षणभर थांबावे. सराव परीक्षा, उजळणी आणि काटेकोर वेळापत्रक यांच्या जोरावर लातूरची मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. पुढे नांदेडही वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र बनले. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या, दुष्काळाने पिचलेल्या प्रदेशाला या यशाने आत्मविश्वास दिला, हे नाकारता येणार नाही. तोही एक कोन्जोच. परंतु एकरभर कोरडवाहूवर शिकवणीचे शुल्क भरणारा बाप आणि मेसचा डबा खाऊन पहाटे पुस्तक उघडणारी मुलगी यांच्यातले नाते इत्तेत्सु-ह्यूमाच्या नात्याहून फार वेगळे नाही. त्यात प्रेम खरे आहे आणि स्प्रिंगाही खऱ्या आहेत.

९. म्हणून क्रम निर्मितीचाच ठेवावा : १९६८, १९७७, १९७९ आणि मग २०१२. कोणतीही मालिका ती ज्या काळात घडली त्या काळाची साक्ष देते. पहिली मालिका कष्टाचे स्तोत्र गाते, पुढच्या दोन त्याचा हिशेब मांडतात आणि चौथी तेच स्तोत्र नव्या देशाला ऐकवते. ज्याने फक्त ‘सूरज’ पाहिली त्याला ते स्तोत्र तेवढे ऐकू येते. मधल्या ७५ भागांतला हिशेब त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि आपल्या गावांना आज गरज आहे ती त्या हिशेबाची.