बारा मोजेपर्यंत

माझी नोकरी भुसावळ-नागपूर लाइनीवर टीसी म्हणून गेली. मुक्काम वर्धा. फ्रेंच लेखक आंद्रे जीदची १९१४ सालची ‘ले काव्ह द्यु व्हातिकाँ’ ही कादंबरी वाचताना माझं लक्ष आधी गेलं ते डब्याच्या दाराकडे. तिकडची दारं बाहेर उघडायची. आपली आत उघडतात; दाराला टेकलेल्या माणसाला ढकलायचं तर आधी त्याला ‘जरा सरका’ म्हणावं लागेल!

रोमहून नेपल्सकडे निघालेली रात्रीची गाडी. डब्यात दोघंच. फ्लरिस्वार नावाचे भोळे गृहस्थ काचेत बघत कॉलरशी झटताहेत. समोर तरुण लाफ्काडिओ. ना ओळख, ना वैर. तो मनाशी ठरवतो: सावकाश बारा मोजून होईपर्यंत बाहेर दिवा दिसला नाही, तर हा वाचला. दहावर उजेड दिसतो, आणि लाफ्काडिओ त्यांना दाराबाहेर ढकलतो. आमच्या सिंदी ते सेलू रोड टप्प्यात पूर्वी पन्नास मोजले तरी दिवा दिसत नसे; फ्लरिस्वार इकडे सुखरूप पोचले असते.

जीद १९१२ मध्ये रूआँच्या न्यायालयात ज्युरी म्हणून बसला होता. माणूस गुन्हा का करतो याचं सरकारी उत्तर त्याने जवळून ऐकलं होतं. पुढे असंच काहीसं प्रत्यक्षातही घडलं: १९२४ मध्ये शिकागोत दोन श्रीमंत, हुशार विद्यार्थ्यांनी चौदा वर्षांचा मुलगा मारला, तो निव्वळ आपली हुशारी अजमावायला.

अशा खुनाला खेळ म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. डच इतिहासकार योहान हायझिंगाने १९३८ मध्ये खेळाचं पहिलं लक्षण सांगितलं ते स्वखुशी. कबड्डीत चढाईला गेलेला गडीही बाद होऊ शकतो. फ्लरिस्वारांना तर डाव मांडलाय हेच ठाऊक नव्हतं.

पुण्यातल्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा विषय गाडीत निघाला की हमखास कुणीतरी विचारायचं, ‘मिळाले किती?’ दहा जीव गेले, कला महाविद्यालयातल्या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. लूट झाली होती हे खरंच. पण त्या प्रश्नामागे एक सुटकाही असायची: रक्कम कळली की हिशेब लागल्यासारखं वाटायचं.

जीदच्या कादंबरीत ज्युलियस नावाचा एक लेखक आहे. विनाकारण खुनावर कादंबरी लिहायची, हे तो लाफ्काडिओलाच रंगवून सांगतो. मग पेपरातली बातमी कळते: मेलेला त्याचाच साडू, खिशातले पैसे जागच्या जागी. ज्युलियसचं मत तिथल्या तिथे फिरतं. कारण असणारच, साडूला काहीतरी गुपित कळलं असणार! ढकलणारा समोर बसून हे ऐकत असतो.