फुप्फुसांतील पहारेकरी प्रथिने

माणूस दिवसभरात सुमारे १० हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. या हवेसोबत धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू आणि विषाणूही येतात. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट द्राव यांच्या तावडीतून जे सुटते, ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रोमीटरहूनही पातळ पडदा असतो. त्याला सूज आली किंवा वायुकोशात पाणी साचले, की प्राणवायूची वाट अडते. त्यामुळे येथे शत्रूला मारायचे असते, पण फार गाजावाजा न करता. हे नाजूक काम 'सर्फॅक्टंट' या द्रावातील दोन प्रथिने करतात.

सर्फॅक्टंट हा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा पातळ थर होय. वायुकोशाच्या भिंतीतील 'टाइप-२' पेशी तो तयार करतात. पृष्ठताण कमी करून वायुकोश मिटू न देणे, हे त्याचे सर्वपरिचित कार्य. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास याच द्रावाच्या अभावी कोंडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. सर्फॅक्टंटमध्ये ए, बी, सी आणि डी अशी चार विशेष प्रथिने आढळतात. बी आणि सी हा थर पसरवण्यास मदत करतात. ए आणि डी यांचा स्वभाव मात्र निराळा. ती रोगप्रतिकारक व्यवस्थेतील 'कलेक्टिन' या कुळातली.

या रेणूंना कोलॅजेनसारखी लांब शेपटी आणि टोकाला शर्करा ओळखणारी डोकी असतात. 'ए'चा आकार फुलांच्या गुच्छासारखा, तर 'डी'चा अधिक चिन्हासारखा. विषाणूच्या आवरणावरील मॅनोजसारख्या शर्करा 'डी'ची डोकी कॅल्शियमच्या साह्याने पकडतात. एकाच रेणूला अनेक डोकी असल्याने कित्येक विषाणू एकत्र बांधले जाऊन त्यांची गुठळी होते. पेशीत शिरण्याची त्यांची वाट बंद होते आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींना ती गुठळी गिळणे सोपे जाते. ही प्रथिने नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून इन्फ्लुएन्झा आणि आरएसव्ही हे विषाणू हटण्यास अधिक वेळ लागतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

याहून लक्षवेधी बाब २००३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडली. प्रथिनाची डोकी मोकळी असतील, तर ती मॅक्रोफेजवरील 'सर्प-अल्फा' या ग्राहकाला चिकटतात आणि पेशीला शांत राहण्याचा संदेश देतात. डोक्यांनी जंतू पकडला, की शेपटी पेशीकडे वळते, दुसऱ्या ग्राहकाला स्पर्श करते आणि हल्ल्याचा इशारा मिळतो. एकच रेणू शांतता राखतो आणि तोच धोक्याची घंटाही वाजवतो!

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. दरवर्षीच्या फ्लूचा विषाणू प्रतिपिंडांपासून लपण्यासाठी अंगावर शर्करांचे आवरण वाढवतो आणि त्यामुळेच 'डी'च्या हाती सापडतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या माथ्यावर अशा शर्करा फारशा नव्हत्या, त्यामुळे 'डी'ची पकड त्याच्यावर बसत नसे. देशातील त्या साथीचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला होता. अर्थात, ती साथ पसरण्याचे हे एकमेव कारण नव्हे. बहुसंख्य लोकांच्या शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडेच नव्हती.

कोविडमध्ये प्रश्न आणखी बिकट होता. कोरोनाचा विषाणू ज्या टाइप-२ पेशींना ग्रासतो, त्याच या प्रथिनांचा कारखाना आहेत. मुंबईत परळ येथील आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्यविषयक संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत बनवलेला 'डी'चा तुकडा कोरोनाच्या काटेरी प्रथिनाला चिकटून त्याचा पेशीप्रवेश रोखतो, असे दिसले. प्रजनन संस्थेने फुप्फुसांच्या प्रथिनावर काम करावे, हे वरकरणी विचित्र वाटेल. पण 'डी' प्रजननमार्गातही असते. हे प्रयोग पेशींवरील होते. त्यांवरून औषध हाती आले, असे म्हणता येत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिली जाणारी, गाय किंवा डुकराच्या फुप्फुसांपासून बनवलेली सर्फॅक्टंट औषधे श्वास सुरळीत करतात. मात्र शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत ए आणि डी ही दोन्ही प्रथिने त्यांतून निघून जातात.