यकृतरचनेचे त्रिमितीय चित्रण (जिवंत माशातील)
जिवंत माशाच्या यकृतातील पेशी, रक्तकेशिका व पित्तवाहिन्या यांची मांडणी न कापता पाहण्याची पद्धत. यासाठी जपानच्या भातखाचरांतला, जेमतेम ३–४ सेंमी. लांबीचा मेडाका सोयीचा ठरला. नागोया विद्यापीठात रंगद्रव्ये घटवून पैदा केलेल्या त्याच्या पारदर्शक वाणाची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गुंगी दिलेल्या माशाला प्रतिदीप्त रंजक दिले की यकृतपेशी ते पित्तात सोडतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक एकेका खोलीवरचे प्रतल टिपतो आणि संगणक ती प्रतले एकावर एक रचतो.

पातळ छेदांवरून माशाचे यकृत सुट्या नळ्यांचे बनलेले असते, असे दीर्घकाळ मानले गेले. पण जिलबी उभी कापली तर सुट्या चकत्याच दिसतात, वेढे दिसत नाहीत. मेडाकाच्या त्रिमितीय चित्रांत सुमारे १–२ मायक्रोमीटर रुंदीच्या पित्तमार्गांचे सलग, एकमेकांत गुंफलेले जाळे आढळले. नळीची कल्पना, निदान या माशापुरती, मुख्यतः छेदाचीच करामत होती.

गुंगीने रक्तप्रवाह मंदावतो आणि तीव्र प्रकाशाने पेशींना इजा होते, हा आक्षेप खरा आहे. मात्र तो पित्ताच्या वेगाच्या मापनाला जितका लागू पडतो, तितका वाहिन्यांच्या जोडणीला नाही. मानवी यकृताशी तुलना करताना अधिक जपावे लागते, कारण सस्तन प्राण्यांतील ठळक खंडिकारचना येथे नसते. खोलवरचे चित्र धूसर होते, ही मर्यादाही उरतेच.