ब्र, रजई आणि कविता महाजन

पाच सप्टेंबर म्हटलं की आम्हा शिक्षकमंडळींना शिक्षक दिन आठवतो. आपण नांदेडकरांनी त्या दिवशी आणखी एक आठवण ठेवायला हरकत नाही. कविता महाजन यांचा जन्म ५ सप्टेंबर १९६७ चा, आपल्या नांदेडचा. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात त्या गेल्या. वय अवघं एक्कावन्न!

कादंबरीकार म्हणून त्यांना बहुतेकजण ओळखतात. २००५ मध्ये 'ब्र' आली, २००७ मध्ये एड्सच्या विषयावरची 'भिन्न', २०११ मध्ये चित्रं आणि आवाज सोबत घेऊन आलेली 'कुहू'. कविताही आहेतच. पण मला वाटतं, त्यांच्या कामाची निम्मी बाजू आपण बघतच नाही. दुसऱ्या बायकांचे शब्द मराठीत आणण्याची ती बाजू. अनुवादक आणि संपादक कविता महाजन.

आधी 'ब्र'बद्दल. 'ब्र काढायचा नाही' हे आपल्याकडे घराघरांत पोरींनी ऐकलेलं आहे. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पुढं काय झालं ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. सही बाईची आणि कारभार 'सरपंचपतीं'चा! 'ब्र'मधली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात फिरते, निवडून आलेल्या बायकांना भेटते, त्यांचं ऐकते. आणि त्यांचं ऐकता ऐकता तिला स्वतःचंही बोलता यायला लागतं.

माझ्या मते हे ऐकणं हाच त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा. त्यांनी वारली लोकगीतं गोळा करून संपादित केली. वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई, आणि ती लग्न लावते गाणी म्हणून. मंगलाष्टकांना भटजी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून नवल वाटतं. ती गाणी कागदावर आली नसती, तर आपल्याला ती वाचायला कुठून मिळाली असती?

मग मनोविकास प्रकाशनाची 'भारतीय लेखिका' ही मालिका. देशातल्या वेगवेगळ्या भाषांमधल्या लेखिकांची पुस्तकं मराठीत आणायची, हे काम त्यांनी संपादक म्हणून केलं. लेखक निवडायचे, अनुवादक शोधायचे, मजकूर तपासायचा... यातलं काहीच वाचणाऱ्याला दिसत नाही. भाजी चांगली झाली की रांधणारीचं कौतुक होतं, निवडणारीला कोण विचारतं?

त्यांनी स्वतः इस्मत चुगताईंच्या कथा 'रजई' या नावानं मराठीत आणल्या. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०११ चा पुरस्कार मिळाला. इस्मतआपांची 'लिहाफ' ही कथा १९४२ ची. तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला होता. त्याच काळात आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं आणि शिक्षण उर्दूतून होतं. त्या पिढीतल्या शिकलेल्या पुरुषांना इस्मत वाचता आली असती. बायकांना मात्र अक्षरच येत नव्हतं. १९४८ नंतर मराठी आली, आम्ही मुली शाळेत गेलो, पण तोवर उर्दू परकी झाली होती. म्हणजे इस्मत जिच्याबद्दल लिहीत होती, त्या घरातल्या बाईपर्यंत ती आपल्याकडे पोचायला साठेक वर्षांहून जास्त काळ लागला. आणि पोचवली कुणी, तर नांदेडला जन्मलेल्या एका लेखिकेनं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

स्वतःचं लिहिता येणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या लिखाणावर वर्षं घालवणं सोपं नसतं. तेवढ्या वेळात स्वतःची आणखी एखादी कादंबरी झाली असती. पण एकटीनं ब्र काढून भागत नाही, सोबतीला चार आवाज लागतात, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

असो. नातीला, सुनेला काही द्यायचं असेल तर यंदा साडीऐवजी 'ब्र' द्या. 'रजई'ही द्या. आणि पुस्तक हातात आलं की अनुवादकाचं, संपादकाचं नाव आधी वाचायची सवय मुलांना लावा. आम्ही शाळेत ती लावायला हवी होती, पण अजूनही उशीर झालेला नाही.